हातमोज्यातली डिस्क

कुरेसारेत, होड्या बांधणाऱ्या आमच्या अकरा जणांच्या कारखान्यात
हिल्या दर शुक्रवारी वायर उपसायची,
डिस्क लोकरीच्या हातमोज्यात घालून
घरी न्यायची, बटाट्यांच्या तळघरात.
आम्ही हसायचो. निजवलंस का बाळाला?

मग तो मंगळवार.
सामायिक फोल्डरमधल्या एकेका नावाला
अनोळखी शेपूट फुटलेलं.
सांगाड्यांची रेखाटनं, बिलं,
काल्यूच्या लेकीच्या लग्नाचे फोटोसुद्धा
– ते तिथं कशाला ठेवलेले कोण जाणे –
सगळं कुलूपबंद. आणि एक चिठ्ठी,
अगदी अदबीची, खंडणीच्या आकड्यासह.

हिल्या म्हणाली, आधी सगळ्या वायरी काढा.
डिस्कला घाई नाही.
ती मेल कुणी उघडली, तिनं विचारलं नाही.
ओट्टचे कान मात्र लाल झाले होते.

तीन दिवस कॉम्प्युटर पुसून कोरे केले,
मग हातमोजा आला
मातीचा वास घेऊन.

गेले ते फक्त सोमवारचे आकडे:
एका होडीच्या कण्याची लांबी.
ती एंडेलनं पुन्हा मोजली,
भुशात गुडघे टेकून,
पेन्सिल कानामागे.

आता हातमोजे दोन आहेत.
दुसरा ओट्टच्या घरी जातो.