समाधान गैरहजर

दिवाळी सरली आणि टोळीचा ट्रॅक्टर वस्तीवर येऊन गेला.
सोमवारी वर्गात अडतीसपैकी सतरा.
हजेरी घेताना मागून कुणीतरी म्हणालं,
"बाई, समाधान गेला."
मी लाल शाईनं लिहिलं: समाधान गैरहजर.
लिहिलेलं वाचलं. हसू आलं,
आणि ओठापर्यंत पोचलं नाही.

त्याला जोडाक्षरं यायला लागली होती.
'क्ष' काढताना जीभ बाहेर काढायचा,
जणू पायातला काटा काढतोय.
आता कर्नाटकात कुठल्याशा कारखान्याच्या पालावर
तो वाढ्याच्या पेंढ्या बांधील, धाकटीला सांभाळील,
आणि चैतात परत येईल तेव्हा
'क्ष' कुठल्या तरी फडात पडलेला असेल.

धारूरच्या या डोंगरात माझा हा नववा हिवाळा.
आठ वर्षं मी मोजत आले,
किती आले, किती गेले, किती हातून निसटले.
हंगामी वसतिगृहासाठी दारोदार फिरले,
मुकादमाशी भांडले,
रेंजसाठी गच्चीवर उभी राहून रात्री माहिती भरली,
आणि प्रार्थनेतसुद्धा यादीच वाचली देवापुढं,
जणू तो केंद्रप्रमुख
आणि मला कारणे दाखवा नोटीस आलेली.

परवा व्हरांड्यात डोकं धरून बसले.
पटांगणात लिंबाचा पाला गळत होता.
म्हटलं, प्रभू, पुरे. माझ्यानं होत नाही.

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या गयाबाईनं
पुढ्यात ताट सरकवलं.
ज्वारीची भाकर, ठेचा, तांब्याभर पाणी.
"कामून उपाशी बसल्या? खाऊन घ्या आधी.
लांब चालायचं असंल तर पोटात पायजे काही."

गयाबाईला काय ठाऊक,
जालन्याच्या आमच्या चर्चात, रविवारच्या शाळेत,
अब्राहाम मास्तर एक गोष्ट सांगायचे.
रानातल्या झुडपाखाली मरण मागत पडलेला संदेष्टा.
देवदूत आला. रागावला नाही. हिशेब विचारला नाही.
भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं,
मग उठवून पुन्हा भाकर दिली.
मास्तर इथं थांबायचे, चष्मा पुसायचे.
"दोनदा, बरं का पोरांनो. दोनदा खाऊ घातलं."
आम्हाला तेव्हा भूक लागलेली असायची,
म्हणून नेमकं एवढंच लक्षात राहिलं.

भाकर खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं.
ठेच्याचं आहे, असं गयाबाईला सांगितलं.

दहा बोटं. चार भिंती. पाचची घंटा.
हे माप त्यानंच घेतलंय माझं,
शिंपी घेतो तसं, दातात टाचणी धरून,
अंगाला बसेल एवढंच.
आणि तारणाऱ्याची जागा कधीचीच भरलेली आहे,
तिची जाहिरात निघालीच नव्हती.
मी आपली आठ वर्षं अर्ज करत होते.

रात्री परळीहून सुशांताचा फोन.
तीही नावं वाचायला लागली, तिच्याकडची तेवीस.
सहाव्या नावावर मी थांबवलं.
"जेवलीस का?"
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "भात लावते."

नंतर वह्या घेतल्या. अकरा तपासल्या,
सहा राहिल्या. राहू दिल्या.
फळ्यावरचा 'क्ष' आज पुसलेला नाही,
पण तो मी कुणाला पाठवू शकत नाही, हेही खरं.
त्या पालावर जो रात्रभर जागा असतो
त्याला मराठी येते,
जोडाक्षरंही येत असतील.

दिवा मालवला.