शब्द येतोय

नंदगडच्या रस्त्याला, खाणीच्या तोंडाशी
पोकलेन उभा. बकेट तांबड्या मातीत टेकलेली.
बसलिंग केबिनमधून उतरतो, विडी कानामागं,
म्हणतो, "शब्द बरतैती, मिस्त्री."

त्याच्या भाषेत शब्द म्हणजे आवाज.
हे मला ठाऊक आहे, तरी दरवेळी
मी एवढासा थांबतो:
कुठला शब्द?

दस्तगीरमामा थांबत नाहीत.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानापुढच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
"फिरव. सावकाश. डावीकडं."

चांगलं बेअरिंग बोलत नसतंय, ते सांगायचे,
माझ्या पहिल्या वर्षी, उद्यमबागेतल्या शेडमध्ये,
बादलीत डिझेल घेऊन मी गोळ्या धूत असताना.
ग्रीस संपलं की किरकिरतं, भुकेल्या पोरागत,
चार पंप मार, निजतं.
रेसला खवले पडले तर गुरगुर,
जात्यात खडा आल्यागत,
आणि स्पीड वाढला की ती पण वाढती.
पिंजरा तुटला की मात्र खडखडीला ताळ नाही.
तेव्हा आधी मशीन बंद कर,
मालकाला फोन मग.

आणि हात लावायचा तो उलटा.
तळहाताला घट्टे पडलेत, तो खोटं सांगतो.

आज मामांनी मूठ कानावरून काढली,
दातांत धरली.
बसलिंग हसला. मी नाही हसलो.
अठ्ठावीस वर्षं क्रशरच्या शेजारी काढली त्यांनी,
बारीक आवाज कानातून केव्हाच गेले,
बेळगावच्या डॉक्टरनं आलेख काढून दाखवला होता,
उजवीकडं घसरत गेलेली रेघ,
चोर्ल्याच्या उतारागत.
जबड्याचं हाड तेवढं अजून इमानी.

बराच वेळ.
मग त्यांनी मूठ शर्टाला पुसली
आणि माझ्यापुढं धरली.
"तू सांग बघू. मला आज येईना झालंय."

लाकूड अजून ओलं होतं.
मी कानाला लावलं.
आधी इंजिन, नुसतं इंजिन,
त्याखाली पंपाची शिट्टी,
त्याखाली तेल पळतंय तो सरसराट,
आणि सगळ्यांच्या तळाशी, एका ठरावीक जागी,
टरकन काहीतरी.
पुन्हा फिरला, पुन्हा त्याच जागी.

"काय म्हणतंय?" मामा.
मला सांगता येईना.
मराठीत येईना, कानडीत तर नाहीच.
मी मूठ तळहातावर दाबून फिरवली,
एका ठिकाणी अडकवली.
"हौद, हौद," बसलिंग म्हणाला.
त्याला ते गेले पंधरा दिवस
सीटमधून, मणक्यातून येत होतं.

रिंगमधलं जुनं ग्रीस बोटावर घेतलं,
उन्हाकडं वळवलं:
शालूच्या काठाला असावी तशी चमचम.
मामांनी ते अंगठ्यानं चोळलं, हुंगलं,
काहीच बोलले नाहीत.
मग बकेट जमिनीला रेटून पुढचं अंग उचललं,
डायल लावला,
काटा दोन मिलिमीटरच्या पलीकडं गेला
आणि तिथंच लटपटत राहिला.

होनगेकर फोनवर: आठ दिवस ओढा हो,
बिल तेवढं निघू दे.
मामांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं.
चावी काढून त्यांनी खिशात टाकली.

जॉबकार्डावर तक्रारीचा रकाना.
बोटं काळी, पेन निसटतंय,
बरंच लिहायचं होतं: खवले, रिंग, किती ढिली,
त्या रकान्यात मावलं ते एवढंच:
शब्द येतोय.

बसलिंगनं मान वाकडी करून पाहिलं,
त्याला ही अक्षरं वाचता येत नाहीत.
"एन बरदी?"
मी वाचून दाखवलं.
"मग," तो म्हणाला, विडी पेटवत,
"मी सकाळपासनं काय सांगूलालोय?"