फ्रीजच्या मागे

चार रात्री झाल्या, घरात रातकिडा आहे
असं मृण्मयी म्हणते.
मी म्हणते, हो ना, केवढा किरकिरतो मेला.

मला काहीच ऐकू येत नाही.

हे घरात कुणाला ठाऊक नाही.
ट्रंक बोर्डावर एकतीस वर्षं काढलेली बाई मी.
खरखरीतून राजापूर वेगळं आणि राजूर वेगळं काढायचे,
पलीकडचा रडतोय की त्याला सर्दी झालीय
हे 'हॅलो'तल्या 'लो'वरून सांगायचे.
असे कान
एका किड्यापुरते गेले
हे कुठल्या तोंडानं सांगू?

पहिल्या रात्री सगळ्यांना वाटलं, इन्व्हर्टर.
दुसऱ्या रात्री कर्णिकांच्या एसीवर संशय.
मग नातू म्हणाला, जवळ गेलं की गप्प बसतो.
मशीन लाजत नाही.

शनिवारी डाबरे आले, वसईहून,
पाठीवर फवारणीचा पंप, कानामागे पेन्सिल.
आधी चहा घेतला.
मग मोरीच्या जाळीतून एक मेलेला काढून
वीजबिलाच्या पाकिटावर ठेवला:
झुरळ नाही हे, ताई. मागचे पाय बघा,
उडी दुमडून ठेवलीय.
मिशा अंगाहून लांब.
ओरडतो तो नर, पंखावर पंख घासून. मादी नुसती ऐकते.
आणि कान कुठे, माहितीय?
पुढच्या पायांना. गुडघ्याच्या खाली.

मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.
त्यांना जिन्याशिवाय दुसरं काही कळत नाही.

डाबरे सांगत गेले, मृण्मयी मोबाइलवर टिपत गेली.
माळ्यावरचे खोके काढा, मिक्सरचा, टीव्हीचा,
वॉरंटी संपून दहा वर्षं झाली, खोका जपलाय.
सिंकखालची ओल पुसा. पाइपाभोवती भेग आहे,
तिथे पांढरं सिमेंट.
बशीत गुळाचं पाणी ठेवा, दाराखाली रबराची पट्टी.
मुलुंडचं हे टोक, मागे डोंगर,
त्यात बाल्कनीत असा पांढरा झगझगीत दिवा
म्हणजे आमंत्रणच. पिवळा लावा.
आणि औषध?
घरात म्हातारं माणूस आहे, म्हणाले, सध्या नको.

म्हातारं माणूस म्हणजे मी.

रात्री साडेबाराला मृण्मयीनं दिवे घालवले.
"आई, तुम्ही सांगा. तुमच्या कानांना कळेल."
सगळं घर श्वास धरून.
मी डोळे मिटले, मान तिरकी केली,
हेडसेट बसवावा तसे केस मागे सारले
आणि बोट दाखवलं.
कुठेतरी दाखवायचं म्हणून, फ्रीजकडे.

फ्रीज ओढला.
मागे ऊब होती, धूळ होती,
दोन वर्षांपूर्वी हरवलेलं बाटलीचं झाकण
आणि तो. गव्हाच्या रंगाचा, भिंतीला चिकटून.
मृण्मयीनं वरून स्टीलचा पेला उपडा घातला,
खालून कुणाचीतरी लग्नपत्रिका सरकवली.
नातवानं टाळ्या वाजवल्या.
मुलगा म्हणाला, आईचे कान म्हणजे आईचे कान!

पेला मीच खाली नेला. दोन जिने, कठडा धरून.
टाकीमागे, जिथे आपोआप अळू आलंय, तिथे पत्रिका काढली.
तो लगेच गेला नाही.
मीटरच्या खोलीच्या उजेडात बसला,
पंख जरा उचलले,
थरथरवले.
थांबला. परत थरथरवले.

म्हणजे लाईन चालू होती.
पलीकडे कुणीतरी उचललंही असेल,
फक्त माझ्या बाजूला आवाज नव्हता.
बोर्डावर असं व्हायचं कधीकधी.
आम्ही प्लग ओढत नसू.
दुसऱ्यांचं बोलणं चालू असतं,
आपण बसून राहायचं.

मी बसले, टाकीच्या कट्ट्यावर,
डास चावेपर्यंत.

वर आले तर मृण्मयी दारात.
"किती शांत वाटतंय ना, आई?"
हो म्हटलं.
पिवळा दिवा सोमवारी मीच आणते, म्हटलं.
स्टेशनजवळ डॉक्टरांकडे माझं एक काम आहे.