उलटं

दगड आधी दोघांनी उचलला.
पावसकर म्हणाले, ‘बाई, पाठीतून नको, गुडघ्यातून.’
माझगावच्या गाळ्यातली ही पहिली शिकवणी.

मग वाळू, पाणी, दगडावर दगड,
आठाचा आकडा काढत घासायचं.
खालचं लेबल पुसट होत गेलं:
केसांचं तेल, कधीच बुडालेली कंपनी,
अंबाडा घातलेली एक बाई.
सगळी गेली. कान राहिला.
‘असू दे. ॲसिडात जाईल.
नाहीतर नाही जाणार.’

चार दिवस मी काढत होते
भाऊच्या धक्क्यावर वाळत टाकलेली जाळी,
तेलकट खडूनं, मनगट अधांतरी,
कारण तळहात टेकला
तर तळहातही छापून येतो.

पाचव्या दिवशी माझ्या हातात काही उरलं नाही.
त्यांनी डिंकात ॲसिडचे थेंब मोजले,
जिभेच्या टोकाला लावून पाहिले, थुंकले.
‘अजून दोन.’
मग टर्पेंटाइनच्या चिंधीनं
माझं सगळं चित्र पुसून टाकलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
कोरा दगड. चार दिवस.
मी स्टुलावर बसले.
ते हसले नाहीत. स्पंज फिरवला, रूळ घेतला,
आणि रूळ तिसऱ्यांदा जाताना
जाळी वर आली, गाठ गाठ,
पाण्यातून ओढल्यासारखी.

पहिला कागद. ‘काळं जास्त झालं,’ मी म्हटलं.
‘काळं नाही, घाई.’
दुसरा. तिसरा.
सातव्यावर दोघंही काही बोललो नाही
आणि तोच ठरला.

कान होताच,
दोन गाठींमध्ये अडकलेला, बारीक.
खरवडायला मी ब्लेड उचललं.
पावसकर शाई परतत राहिले, बघितलंही नाही.
ब्लेड ठेवून दिलं.

सह्या मी केल्या, शिसपेन्सिलीनं, पंचवीस.
‘तुम्हीही करा.’
‘चाळीस वर्षं उलटंच वाचतोय, बाई.
सुलटं लिहायला गेलो की हात अडतो.’
तरी एका प्रतीवर केली, माझ्या,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
काना, मात्रा, सगळं आरशातलं.

दुसऱ्या दिवशी दगड मोकळा करायला मी एकटीच.
ते दारात चहा पीत बसलेले,
आवाजावरून सांगत होते:
वाळू कमी पडतेय, पाणी घाल.
आठ, आठ, आठ.
संध्याकाळपर्यंत जाळी गेली.
कानाचं अजून सांगता येत नाही.