कोट सांभाळणारी

बाहेर उणे सतरा.
तार्तूची नदी गोठून गप्प,
आणि जुन्या छापखान्याच्या तळघरात
पोरं उतरतायत एकेक,
नाकं लाल, चष्म्यांवर वाफ.
माझ्या फळीवर कोट टाकतात,
मी हातात पितळी बिल्ला देते.
कोटामागे एक युरो.
योसेपकडे सुट्टे नव्हते. राहू दे, म्हटलं.
त्याच्या खिशाला भोक आहे,
गेल्या शुक्रवारीच पाहिलंय मी.

तीस वर्षं नाट्यगृहात हेच केलं.
तिथले कोट जड, अत्तराचे, डांबरगोळ्यांचे.
इथले हलके,
कुत्र्याच्या केसांचे, कालच्या सुपाचे,
एकाच्या बाहीवर प्रयोगशाळेतला पिवळा डाग.
अंगातून काढलेला कोट
थोडा वेळ ऊबदार असतो.
तेवढा वेळ मी तो हातावर धरून ठेवते.
हे कुणाला सांगायचं नाही.

आज वाजवणारी पोरं इथलीच.
भूगर्भशास्त्राची लेलो गाते.
रीनची बेस गिटार तिच्या बापाने
मोडक्या टेबलातून कोरून काढलेली.
आणि मिहकेल,
सकाळी बेकरीत पाव मोजून देतो तो,
एकही जास्तीचा नाही,
इथे ड्रमवर हात राखत नाही.

मला इथून काही दिसत नाही.
मधे भिंत, भिंतीला बावन्न कोट.
गाणं त्यांच्यातून गाळून येतं माझ्याकडे.
शब्द तिकडेच राहतात,
येतो तो नुसता दणका,
खालून, चपलांच्या तळव्यांतून.
रिकाम्या बाह्या हलतात.
खुंट्यांवर उरलेले बिल्ले
दात वाजवतात.

हा आवाज माझ्या ओळखीचा.

मी एकोणीस वर्षांची असताना
गावाकडेच्या धावपट्टीवरून
बॉम्बर विमानं उठायची.
कपाटातल्या बशा अश्शाच.
वर्गात, बाजारात, बिछान्यात,
सगळं गाव बोलता बोलता थांबायचं,
तोंड उघडं, बोट वर,
आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे.
परक्याला वाटलं असतं, गाव तोतरं आहे.
पण परक्यांना परवानगीच नव्हती.

एंडेल एकदा पुलावर म्हणाला,
"तू माझ्या—"
आणि विमान आलं.
लांबलं बराच वेळ. मी थांबले.
गेल्यावर त्याने टोपी सारखी केली.
म्हणाला, "थंडी आहे, नाही?"

आणि आता भिंतीपलीकडे
पोरांनी गाणं मधेच तोडलं.
ठप्प.
माझा श्वास जागच्या जागी.
बोटही वर गेलं बहुतेक.
तळघरात बावन्न माणसं
आणि कुणी खोकत नाही.
एक. दोन.
मग लेलो, त्याच अक्षरापासून,
अर्धा शब्द तिने दाताखाली धरून ठेवला होता,
आणि मागोमाग सगळे कोसळले त्यावर.

मी फळी उचलली.
कामावर असताना जागा सोडायची नसते,
कधी सोडलीही नव्हती.
दारापर्यंत गेले. पाहिलं.
बुटकं छत, गळणारा पाइप,
एकमेकांना चिकटलेल्या ओल्या पाठी,
योसेप, डोळे मिटलेले, मुठीत बिल्ला.
रीन चुकली एकदा आणि हसली.
मिहकेल फार घाईत होता.
एवढंच. परत आले.

संपल्यावर सगळे एकदम,
कानांना दडे बसलेले, ओरडून बोलत.
"काय?" "काय म्हणालीस?"
"परत सांग!"
ज्याचा त्याला कोट दिला.
कोट आता गार,
आणि आतली माणसं तापलेली.

योसेपच्या खिशाचं भोक
मी तिसऱ्या गाण्यात शिवून टाकलं.
काळा दोरा संपला होता, पांढराच घातला.
त्याला सांगितलं नाही.
पुलावर वारा लागेल,
हात खिशात जाईल,
आणि तळाला लागेल.