राखणदाराचा नारळ

मिंग्मा आंब्याच्या बागेत राखणीला असतो,
मिठबावच्या सड्यावर, जांभ्याच्या गडग्यापलीकडे.
दिवाळी सरली की येतो, मिरगाआधी जातो.
गाव त्याला गुरखा म्हणतो.
पहिल्या वर्षी त्याने दोनदा सांगून पाहिलं: शेर्पा.
मग सोडून दिलं.
केलड्यांना हाकलायला नाव लागत नाही.

मी पाडेली. बाप पाडेली, आजा माडी काढायचा.
आमच्या घरात पावलं रुंदच जन्मतात,
अंगठा बाकीच्या बोटांवर रुसल्यासारखा दूर.
मिंग्माने तो पाहिला आणि हसला,
मग स्वतःचा बूट काढून दाखवला:
डाव्या पायाला तीनच बोटं.
"दोन वर राहिली," म्हणाला,
छत्री एसटीत राहिली म्हणावं तसं.

त्याचा बाप बर्फाच्या भेगांवर शिड्या टाकायचा,
परक्या माणसांना पलीकडे जाता यावं म्हणून.
एका चैत्रात शिडी राहिली, बाप राहिला नाही.
सापडला नाही. म्हणजे तिथेच आहे.
मिंग्मा हे सांगतो
पत्ता सांगावा तसं.
त्या दिवशी बाप घरी विसरलेली पोलादी कडी
आता याच्या कमरेला असते,
तिच्यात बागेतल्या खोपटीची किल्ली.

विहिरीकडचा माड आज्याने लावलेला.
बाप त्यावरून पडला नाही, लोकांना तसं वाटतं.
बाप साखरेने गेला, खाटेवर, पाय आधी.
पण सात वर्षं मी त्या माडाला हात लावला नव्हता.
खोडातल्या खाचा बापाच्या टांगेच्या,
माझ्या टांगेहून वीतभर लांब.

यंदा शिमग्यानंतर
त्याचे वाळके झाप विजेच्या तारेवर टेकले.
वायरमन येऊन बघून गेला, परत आला नाही.
मिंग्मा म्हणाला, मी जातो.

गेला नाही लगेच.
करवंटीत चुलीतला निखारा घेतला,
त्यावर गावाहून आणलेला धुपीचा पाला.
तांदळाचं पीठ गालांना लावलं,
उरलेलं माझ्या गालाला पुसलं.
ओठांत काही पुटपुटला.
काय म्हणालास, विचारलं.
"पाय ठेवतो आहे, रागावू नको."

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो.
बाप खोडाला कपाळ टेकायचा:
बा राखणदारा म्हाराजा, पाय लावतंय,
लेकराक पदरात घे.
आणि दुसरं कोण नसायचं म्हणून
आपणच उत्तर द्यायचा, होय म्हाराजा.
माफी तीच. तिकडे थंडी, एवढंच.

मिंग्माची पावलं त्या खाचांत बसत गेली,
तीन बोटांचं सुद्धा.
झाप आले, मग नारळ, धप्प धप्प वाळूत.
कोंबाजवळचा एक त्याने सोडला.
"एक रवलो रे!" मी खालून ओरडलो.
"माथ्यावरचा आपला नसतो," वरून आवाज आला.
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
बाप राखणदाराच्या नावाने तोच ठेवायचा,
आणि आई दर वेळी भांडायची,
बाजारात वीस रुपये येतात त्याचे.

मग तो बराच वेळ उतरलाच नाही.
समुद्राला पाठ करून उत्तरेकडे तोंड.
तिकडे कुणकेश्वराचा कळस,
मग देवगडच्या पवनचक्क्या,
मग नुसतं धुरकट.
खाली आल्यावर विचारलं, काय दिसलं?
"काही नाही," म्हणाला.
"उंचावर गेलं की बाप ओरडतो,
कडी लाव, कडी लाव."

आता श्रावण आहे. खोपटीला कुलूप.
विहिरीकडच्या माडावर मीच चढतो.
मांडी ताणते, मध्ये नवी खाच मी मारलेली नाही.
गाऱ्हाण्यात राखणदार येतो, आजा येतो, बाप येतो,
आणि अडखळत, बर्फातल्या शिडीवाल्या, तू पण.
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.
खाली कोणी नसतं.
होय म्हाराजा, मीच म्हणतो,
आणि पाय उचलतो.