चार इंची नळी

पीटर्सबर्गच्या धक्क्यावर हॅलिबटच्या बोटी रिकाम्या होत होत्या
आणि दुकानात मासळीचा वास माझ्याआधीच येऊन बसला होता,
तेव्हा रग्नहिल्ड आली, टोर्गर्सनांची मधली.
बुटांना खवले चिकटलेले.
म्हणाली, नदीवर चाललेय सामन मोजायला,
दहा आठवडे, एकटी. एखादं रिव्हॉल्व्हर दाखव.

मी आधी सगळ्यात मोठं काढलं. सवय.
गिऱ्हाईक अस्वल म्हणालं की हात खालच्या फळीकडे जातो.
तिने उचललं, मनगट झुकलं,
दोघंही हसलो. नाकापेक्षा मोती जड.
म्हटलं, जे वजनाला कंटाळून तंबूत ठेवशील
ते तंबूचंच रक्षण करेल.

मग मधलं. स्टेनलेस, चार इंची नळी.
इथली हवा मिठाची. काळ्या पोलादाला
ती एका हंगामात म्हातारं करते,
मला करायला चाळीस वर्षं लागली.

काउंटरखाली मी पाण्याची बादली ठेवतो,
तिच्यात लोकरीचे हातमोजे भिजत घातलेले.
लोक हसतात. घाल म्हटलं. तिने घातले.
आता चाप ओढ. रिकामं आहे, तूही बघ, मीही बघतो,
दोनदा बघतो.
माझ्या भावाने एकदाच बघितलं होतं.

घोडा मागे गेला, चक्री एक घर सरकली, टक्.
पुन्हा. टक्.
सहाही घरं फिरली, नळीचं टोक हललं नाही.
लोकरीतून पाणी काचेवर ठिबकत राहिलं.

आणि काडतूस फुसकं निघालं तर?
तर विचार करत बसू नकोस, पुन्हा ओढ.
चक्री पुढचं घर आपसूक आणते.
पिस्तूल असल्या वेळी चर्चा करायला लागतं.

पट्टा छातीवरचा घे, कमरेचा पाण्यात बुडतो.
आधी मोठ्याने बोल, मग फवारा मार, हे अगदी शेवटी.
मी स्वतः तीनदा बाहेर काढलंय, झाडलं एकदाही नाही,
आणि तिसऱ्यांदा तर ते अस्वल नव्हतंच,
माझा मेहुणा होता, झुडपात ओणवा, ब्लूबेरी वेचत.

ती हसली. पण अर्धवटच.
मग पट्ट्याचं बक्कल लावत, खाली बघत विचारलं,
हा कोटाखाली दिसतो का?

नदीवर कोण बघणार आहे, असं मी म्हणणार होतो.
जीभ टाळ्यापाशीच थांबली.
डेल मार्चपासून गावात परत आलाय.
त्याची बोट उत्तरेच्या धक्क्याला बांधलेली असते
आणि रात्री तिच्यातला दिवा नसतो.
सगळ्यांना माहीत आहे. माहीत असणं
हे या गावात एक प्रकारचं काम समजलं जातं.

नाही दिसत, म्हटलं. मोठ्या मापाचा कोट घे.

कागद भरले. सही बारीक, उभी.
काडतुसांचा एक डबा मी तसाच पुढे सरकवला,
पैसे घेतले नाहीत तर रागावली, म्हणून अर्धे घेतले.
गुरुवारी दगडखाणीवर ये, म्हटलं, सरावाला.
पन्नास गोळ्या. हात शिकतो, डोकं नंतर येतं.
बरं, म्हणाली. दार ओढताना रस्ता
दोन्ही बाजूंनी बघितला तिने,
जसं नदीकाठी मी बघायला सांगितलं होतं.
ओले हातमोजे तिच्याच हातात गेले.

रात्री जुनी वही काढली.
तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, डेलचं पान.
त्यालाही बादली दाखवली होती,
त्यालाही दोनदा बघायला शिकवलं होतं.
सहीखाली माझ्याच अक्षरात:
स्टेनलेस, चार इंची.
हाताला नीट बसतं. दगा देणार नाही.

वही मिटली. फडताळाला कुलूप लावलं,
ओढून बघितलं,
आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढलं.